सदतीस नंबरचा पट्टा

४ ऑगस्ट

आत्या,

नमस्कार लांबूनच करते. समोर असते तर आधी ‘पाठ सरळ कर’ म्हणाली असतीस आणि मगच नमस्कार घेतला असतास.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून हे सविस्तर पत्र. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुरू झाला. विषय तुझ्या जिव्हाळ्याचा आहे. कॉलेजातली मुलं दिवसभरात किती हालचाल करतात आणि त्यात अंगातली किती शक्ती खर्ची पडते, हे मोजायचं. एकशेवीस जण घेतलेत. प्रत्येकाच्या कमरेला सात दिवस एक पट्टा असतो. त्यात काडेपेटीएवढं यंत्र असतं, ते मिनिटामिनिटाची हालचाल टिपतं. शिवाय पोटात गेलेला घास न् घास वहीत लिहायचा. म्हणजे शक्ती गेली किती आणि आली किती, दोन्ही कळतं.

आधी मी स्वतःच पट्टा घालून बघितला. हसू नकोस. दिवसाला चार हजार शंभर पावलं. लहानपणी घरभर गरगर फिरायचे म्हणून तू मला भिंगरी म्हणायला लागलीस, ती भिंगरी आता खुर्चीला खिळलीय. हालचालीवर अभ्यास करायचा म्हणजे बसूनच करावा लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका महाभागाने तर पट्टा छताच्या पंख्याला बांधला. दिवसाला एक्केचाळीस हजार पावलं, आणि तीही वहीत ‘दुपारी झोपलो’ लिहिलंय त्या वेळात. पकडला तेव्हा म्हणाला, जास्त पावलांना बक्षीस असेल असं वाटलं.

आता दुसरा चोर सापडलाय. सदतीस नंबर. आमच्याकडे नाव लिहीत नाहीत, प्रत्येकाला नंबर असतो. दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे, हॉस्टेलवर राहते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. फॉर्मवर लिहिलंय ‘व्यायाम : नाही’, आणि पट्टा सांगतो रोज चोवीस हजार पावलं. बाकी मुलींची शक्ती दिवसाला अठराशे कॅलरीच्या आसपास जाते, हिची सव्वीसशे. धावायला जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीच्या कमरेला पट्टा बांधला असणार. उद्या प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर विचारणार आहे, म्हणजे इतरांनाही जरब बसेल. शिस्त तुझ्याकडूनच शिकलेय.

तुझी भिंगरी


९ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं ‘उद्या’ केव्हाच होऊन गेलं असणार, तरी लिहिते. विचारलं नसशील तर विचारू नकोस. निदान चारचौघांत तरी नको.

एकतीस वर्षं मी शाळेत पी.टी. शिकवलं. त्यातली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, तुझ्या बाबालाही नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आठशे मीटरच्या शर्यतीत एक मुलगी अशी काही धावली, की हातातलं घड्याळ मी दोनदा बघितलं. शिडशिडीत अंगाची, कधी मैदानावर न दिसलेली. इतक्या कमी वेळात ते अंतर कापणं आमच्या शाळेत कुणाला जमलं नव्हतं. मी ठरवलं, घड्याळ चुकलं. तिला तोंडावर खोटारडी म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून दोष घड्याळाला दिला आणि वेळ खोडली. ती समोरच उभी होती. तिने खोडताना बघितलं आणि गेली. पुन्हा मैदानावर आली नाही. पुढे कळलं, ती रोज वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहून मग शाळेत यायची. घड्याळ बरोबर होतं.

आकडा पटत नसला की आपल्याला वाटतं, आकडा खोटा. पुष्कळदा आपल्यालाच माणूस माहीत नसतं. माझ्याकडून शिस्त शिकलीस तशी ही चूकही शीक, म्हणजे स्वतः करायची वेळ येणार नाही.

आणि चार हजार शंभर? तुझ्या वयात मी तेवढी पावलं दात घासताना चालायचे.

आत्या


१७ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र आठ दिवस उशिरा आलं. टपालाचा दोष नाही, घाई माझीच होती.

पाच तारखेला मी तिला बोलावलं. प्रयोगशाळेत आणखी अकरा जण होते. मी विचारलं, पट्टा सात दिवस कोणाच्या कमरेला होता. माझ्याच, म्हणाली. मग एवढी चालतेस कुठे, म्हटलं. आणि उत्तराची वाट न बघता तिचा फॉर्म काढून सगळ्यांना ‘व्यायाम : नाही’ दाखवलं. मागून कोणीतरी पंख्यावरून विनोद केला आणि सगळे हसले. मीही हसले, आत्या. तिने पट्टा काढला, नीट गुंडाळून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “लिहा ताई, लबाडी केली म्हणून.” आणि गेली.

मला वाटलं, जिंकले.

अकरा तारखेला ती ग्रंथालयाच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. लोक म्हणाले, पोरी बारीक व्हायच्या नादात उपाशी राहतात. मी तेव्हा प्रथम तिच्या वहीतलं खाणं मोजलं. मुद्दाम नजरेआड केलं नव्हतं. पट्टाच खोटा धरला म्हटल्यावर वही कोण वाचतो? सातही दिवस नाश्त्याच्या रकान्यात रेघ. दिवसाला पंधराशे कॅलरीसुद्धा पोटात नाहीत. पट्टा खरा असेल तर ती मुलगी रोज हजारभर कॅलरी स्वतःच्या अंगातून उपसून देत होती. दोन दिवसांनी तुझं पत्र आलं, आणि पट्टा खराच आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

काल तिच्या खोलीवर गेले. दार अर्धंच उघडलं. मी चुकले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला आकडा हवा होता, तो मिळाला, आता काय पाहिजे. मी म्हटलं, एक दिवस तुझ्याबरोबर चालायचंय, तू जाशील तिथे. मग म्हणाली, “सत्तावीस तारखेला पहाटे पावणेपाचला फाटकाशी या. उशीर झाला तर थांबणार नाही.”

आमच्या विभागप्रमुख बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच, इतका बाजूला पडलेला आकडा यंत्राचा दोष धरून गाळायचा असतो. अहवाल बारा सप्टेंबरला सगळ्या विभागासमोर मांडायचा आहे. गाळायचा की नाही, ते मी चालून आल्यावर ठरवीन.

भिंगरी


२२ ऑगस्ट

भिंगरी,

हसलीस हे लिहिलंस, म्हणून पुढचं सांगते. नसतं लिहिलंस तर हे पत्र इथेच संपवलं असतं.

जाताना वही-पेन नेऊ नकोस. जे काम ती करत असेल त्याला हात लाव. माफी तोंडाने मागून झाली, आता हाताने माग. जाड तळव्याचे बूट घाल आणि दोन केळी खाऊन नीघ. तिच्यासाठीही दोन घे, पण ‘घे खा’ म्हणून पुढे करू नकोस. आपण खाता खाता द्यायची.

आणि काय ते कळलं की सरळ वसतिगृहाच्या रेक्टरांना सांग. मुलगी चक्कर येऊन पडते म्हणजे थट्टा नाही. मोठ्यांच्या कानावर घातलं की वाट निघते. मी असते तर त्याच दिवशी त्यांच्या दारात उभी राहिले असते.

आत्या


२९ ऑगस्ट

आत्या,

रेक्टरांना सांगायचा तुझा सल्ला मी मानलेला नाही. का, ते वाच आणि मग रागाव.

परवा पावणेपाचला फाटकाशी पोचले. पहारेकरीण तिला म्हणाली, आज धावायला जोडीदारीण मिळाली वाटतं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, सगळ्यांना असंच वाटतं, मीही वाटू देते. मग पाऊण तास भरभर चाललो. मला पहिल्याच चढाला धाप लागली. केळी तुझ्या पद्धतीने दिली. घेतली.

पोचलो ती एक चौदा मजली इमारत. दोन जिने, पुढचा आणि मागचा. ते दोन्ही ती रोज साडेपाच ते साडेसात झाडते आणि पुसते. नळ फक्त तळाला आणि सातव्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर पाटी आहे, बादली आत नेऊ नये. म्हणून पाणी हातानेच वर न्यायचं. तिने मला मागचा जिना दिला. वरून खाली पुसत यायचं, हेही मला सांगावं लागलं. चौदाव्यावरून निघाले आणि सहाव्यावर आल्यावर मांड्या अशा थरथरायला लागल्या, की कठड्याला धरून खालीच बसले. ती पुढचा जिना संपवून आली, माझ्या हातातून फडकं घेतलं आणि उरलेले मजले पुसत खाली गेली. त्यात चिडणं नव्हतं. साडेसात वाजत आले होते, एवढंच.

जिन्याखाली एक खोली आहे. तिथे तिची आई आणि आजी राहतात, तिसरीला जागा नाही. काम आईचं. मार्चमध्ये पाण्याची बादली उचलताना आईच्या कमरेत उसण भरली ती अजून गेलेली नाही. काम सुटलं तर खोली सुटते, खोली कामाबरोबरच मिळालेली. इमारतीच्या मुकादमाला माहीत आहे. तो बघून न बघितल्यासारखं करतो. कुणी तक्रार केली तर त्यालाही तसं करता येणार नाही. आणि हॉस्टेलचा नियम असा, की काम करणाऱ्या विद्यार्थ्याला जागा नाही. पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठीच ती आहे म्हणे. म्हणजे रेक्टरांच्या कानावर घातलं की तिची खोलीही जाणार आणि आईचीही. आता सांग, मी त्यांच्या दारात उभी राहू?

परतताना पुन्हा पाऊण तास चाल. सव्वाआठला हॉस्टेल, साडेआठला तास. मेसमधला नाश्ता आठला बंद होतो. रेघेचं कारण ते.

वाटेत मी विचारलं, फॉर्मवर ‘व्यायाम : नाही’ का लिहिलंस. म्हणाली, “प्रश्न व्यायामाचा होता ना, ताई? व्यायाम हौसेने करतात. जिने पुसणं कधीपासून व्यायाम झाला?”

तो फॉर्म मी बनवलाय, आत्या. त्यात पोहणं, धावणं, सायकल, खेळ, नाच, सगळ्याला रकाना आहे. कामाला नाही. कॉलेजातल्या मुलाला काम असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिचा आकडा मी गाळणार नाही. पण तिचं नाव, काम, जागा यातलं काहीच बोलायचं नाही असा शब्द दिलाय. दोन्ही कसं जमवायचं ते अजून सुचलेलं नाही. सुचेल. सध्या रोज जाते आहे, कमरेला दुसरा पट्टा बांधून. काल तिसऱ्या मजल्यापर्यंत न बसता आले.

भिंगरी


३ सप्टेंबर

भिंगरी,

रागावले नाही. चूक माझी. मी आयुष्यभर ज्या दारांत उभी राहिले, ती मला उघडत होती. सगळ्यांना उघडतातच असं नाही, हे या वयात भाचीकडून कळलं. उशिरा का होईना.

आता उपयोगाचं ऐक. वाकून पुसू नका दोघीही. फडक्याला लांब दांडा लावा, खांद्याएवढा. बादली अर्धीच भरा, खेपा वाढल्या तरी चालतील, कंबर वाचते. आईला उसण कशी भरली ते मला इथे बसून दिसतंय. तिने उताणं झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. कळ आली तर थांबायचं, दात-ओठ खाऊन करायचं नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर गाठायचा. नाश्ता बंद होतो तर आदल्या दिवशी मेसमधून उकडलेली अंडी आणि पाव मागून घे. तुझ्या नावावर घे. तू खात नाहीस इतकं, हे तुझ्या अंगावरून कुणाला कळणार नाही.

तुझं पत्र वाचून मी एक काम केलं. त्या शर्यतीतल्या मुलीचा पत्ता शोधला. आता ती नातवंडांची आजी आहे. तिला लिहिलं, तुझी वेळ बरोबर होती, मी खोडली. अजून उत्तर नाही. येईलच असं नाही. पण लिहायला बसले तेव्हा वेळ सेकंदासकट आठवत होती.

आकडा गाळू नकोस.

आत्या


१४ सप्टेंबर

आत्या,

झालं. बस आणि सावकाश वाच.

आधीच्या आठवड्यात मी सगळ्यांना एक कोरी चिठ्ठी दिली होती. नाव, नंबर काही घालायचं नाही. प्रश्न एकच, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हातपाय कशाकशाला लागतात. पेटीत एकशे अठरा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या एकतीस जणांनी काम लिहिलं होतं. एक मुलगा पहाटे बाजारात भाजीचे क्रेट उतरवतो. एक मुलगी दुकानात आठ तास उभी असते आणि मग अभ्यासाला बसते. एकाने लिहिलं होतं, ‘आजोबांना उचलून अंघोळ घालतो, रोज दोनदा बिछान्यावरून उठवतो. हे धरायचं का?’ त्या चिठ्ठीशी मी थांबले, ती पुन्हा वाचली.

बारा तारखेला सगळा विभाग जमला. माझं मांडून झाल्यावर बाईच उठल्या. म्हणाल्या, सदतीस नंबर चुकीचा आहे, तो गाळायला मी सांगितलं होतं, तो इथे कसा?

मी म्हटलं, “बाई, तो चुकीचा आहे हे खरंच आहे. पट्ट्याला पाऊल कळतं, पायरी कळत नाही. हातातली भरलेली बादली कळत नाही. खरा आकडा याहून मोठा आहे.”

मग मागून एकाने तेच विचारलं जे मी पाच ऑगस्टला विचारलं होतं. पट्टा दुसऱ्या कुणी घातला नव्हता कशावरून? ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या आलेखाखाली माझे दोन आलेख पडद्यावर लावले. पहिला जुलैचा, चार हजार शंभर पावलं. दुसरा सप्टेंबरचा, तेवीस हजार. सांगितलं, या सात दिवसांत सदतीस नंबर जिथे गेली तिथे मी गेले आणि तिने केलं ते केलं. तिची रेघ आणि माझी ही दुसरी रेघ मिनिटाला मिनिट जुळतात. फरक असलाच तर मी मध्ये बसते, ती बसत नाही.

बाईंनी कामाचं नाव विचारलं. मी नाही म्हटलं. जागा विचारली. तीही नाही सांगितली. म्हटलं, सहभागी माणसाची माहिती बाहेर जाणार नाही, असं आपण फॉर्मवर लिहून दिलंय. बाईंनी अहवालाच्या शेवटी जोडलेला तो फॉर्म उघडला, चष्मा वर सरकवून वाचलं आणि म्हणाल्या, “खाली सही माझीच आहे.” आणि बसल्या. नंतर मला बोलावून त्यांनी प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाचली. आजोबांच्या चिठ्ठीशी त्याही थांबल्या.

बाहेर आल्यावर सदतीस नंबर माझ्याशेजारून चालत होती. ताई, तुम्ही मध्ये बसता हे सगळ्यांना सांगायची गरज नव्हती, म्हणाली. ती हसताना मी प्रथमच बघितली.

भिंगरी


२० सप्टेंबर

भिंगरी,

पत्र तीनदा वाचलं. शेजारणीलाही वाचून दाखवलं, तिची इच्छा नसताना.

पण कौतुक लवकर विरतं. अहवाल कपाटात गेला की नियम जिथल्या तिथे. चिठ्ठ्यांची पेटी घे आणि बाईंना बरोबर घेऊन प्राचार्यांकडे जा. आता तू एकटीच्या गुपितासाठी जात नाहीस, एकतीस जणांसाठी जातेस. मागच्या वेळी मी दार चुकीचं सांगितलं होतं. या वेळी हेच बरोबर आहे. आणि एका खेपेत काम झालं नाही तर दुसऱ्या खेपेला जा. तुला आता चढायची सवय झालीय.

आत्या


६ डिसेंबर

आत्या,

तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत प्राचार्य म्हणाले, नियम नियम आहे. दुसरीत म्हणाले, बघू. तिसरीत आमच्या बाईच त्यांच्याशी इतकं बोलल्या, की मला तोंड उघडावं लागलं नाही. नाश्ता नऊपर्यंत सुरू झाला तो महिन्यापूर्वीच. त्याला कुणाची सही लागत नव्हती, मेसवाल्या मावशी म्हणाल्या, आधी सांगायचंत की. सदतीस नंबरचं वजन अडीच किलोंनी वाढलं. तिच्या आईने तुझे व्यायाम सोडले नाहीत. खालचे पाच मजले ती आता स्वतः करते, लांब दांड्याने. डॉक्टरांनीही तेच चालू ठेवा म्हटलं.

गेल्या सोमवारी हॉस्टेलच्या फळ्यावर नोटीस लागली. जे विद्यार्थी काम करतात किंवा घरच्या कामाचा भार उचलतात, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावं, कोणाची जागा जाणार नाही, तासाच्या वेळा सांभाळून घेऊ. सगळ्यांनी वाचली. चार दिवस एकही नाव गेलं नाही. कागदावर शब्द होता, पण भरवसा कुणाला वाटावा? भीती इतक्या वर्षांची, नोटीस चार दिवसांची.

शुक्रवारी तास संपल्यावर ती मला म्हणाली, कुणीतरी आधी जायला हवं. मी म्हटलं, थोडं थांबू, दुसरं कोणी जातंय का बघू. ती म्हणाली, “सगळे तेच बघत बसलेत, ताई.” मी आत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. मुकादमाला अडचण होईल असं काही ती बोलणार नव्हती. आईच्या कामात हात लावते, एवढंच. आणि ते खोटं नव्हतं.

मी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले. दार बंद झालं. आतून रेक्टरांचा आवाज येत होता, तिचा येत नव्हता. मला पुन्हा पाच ऑगस्ट आठवला. तिने आपल्या तोंडाने लबाडी कबूल केली होती आणि मी ती लिहून घेतली होती. या वेळी आत काय लिहून घेत असतील? उठून दाराशी गेले, परत येऊन बसले. तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. बाजारात क्रेट उतरवणारा तोच असावा, हातांवरून वाटलं. मग एक मुलगी, बहुधा दुकानात काम करणारी. मग दोघं तिघं एकदम, एकमेकांकडे न बघता.

ती बाहेर आली तेव्हा दारापासून जिन्यापर्यंत रांग होती. तिने ती बघितली. पुढच्या मुलाने हळूच विचारलं, आत काय विचारतात.

“नाव विचारतात,” ती म्हणाली. “मग काय काम करतोस ते विचारतात. आणि लिहून घेतात. सांग सरळ.”

तो आत गेला.

तुझी भिंगरी